नायलॉनच्या दोऱ्यातली माळ

मी आयुष्यात एकदाच मॅनेजर झालो, आणि तोही ज्या कारखान्यात काही तयार होत नव्हतं अशा कारखान्याचा. हे मला कळायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात एखाद्या हुशार माणसानं दुसरी नोकरी शोधली असती, लग्न केलं असतं आणि नांदेडला प्लॉटही घेतला असता. मी व्हिजिटिंग कार्डं छापून घेतली.

परभणीतून हिंगोली वेगळा जिल्हा झाला, त्यानंतरच्या वर्षांतली ही गोष्ट. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केला होता, म्हणजे तिसऱ्या खेपेला त्यानंच मला सोडून दिलं होतं. आखाडा बाळापूरला एका मित्राच्या दुकानात बसून मी पंखे दुरुस्त करायचो. खरं तर पंखे मित्रच दुरुस्त करायचा; ते का बिघडले हे गिऱ्हाइकाला समजावून सांगायचं काम माझ्याकडं होतं. असंच एका गिऱ्हाइकाला समजावताना पुण्याच्या एका कंपनीच्या साहेबांनी मला ऐकलं. ते वारंगा फाट्याजवळची जिनिंगची जुनी पत्र्याची शेड भाड्यानं घ्यायला आले होते. ते म्हणाले, "तुम्ही बोलता चांगलं. आमच्याकडं याल का?" माझ्या हाताबद्दल त्यांनी काही विचारलं नाही, हे तेव्हाच माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

कंपनी चार्जिंगवर चालणारे दिवे विकायची. लाईन गेली की लावायचे ते पांढरे, वर कडी असलेले. आमच्याकडं लाईन येण्यापेक्षा जाण्याचंच प्रमाण जास्त, त्यामुळं दिव्यांचा कारखाना आमच्या उशाशी निघतोय याचा मला फार अभिमान वाटला. वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, "मंग लाईन आली तर तुझा कारखाना बंद पडंल की रे."

महिन्याभरात ट्रकमधून मशीन आली. पॉवर प्रेस. पत्रा कापायची, ठोकायची, वाकवायची मशीन. बाजूला माणसाच्या छातीएवढं लोखंडी चाक. तिच्याबरोबर पुण्याहून एक फिटरकाका आले होते. त्यांनी सिमेंटचा ओटा करून घेतला, मशीन त्यावर बसवली, बोल्ट आवळले, आणि चाकावर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले.

मी विचारलं, "कधी चालू करायची?"

"चालू? मोटारच जोडायची नाही म्हणालेत."

"मग?"

"मी या मशीनवर नोकरीला लागलो," ते म्हणाले. "पुण्याचा कारखाना बंद केला साहेबांनी. दिवे आता परदेशातून तयार येतात, जहाजानं. तिकडं स्वस्तात होतात म्हणे. आमची सगळी माणसं घरी बसवली. मला एवढ्यासाठी बोलावलं, की ही दुसऱ्या कोणाच्या हातानं नीट बसली नसती." मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "तुम्ही इथं काय करणार?"

मी कार्ड दिलं. त्यांनी ते वाचलं आणि खिशात ठेवलं. माझ्या कार्डावर त्या काळात न हसलेला तो एकच माणूस.

मग कामाला बाया घेतल्या. जवळच्या वाडीतल्या, वस्तीतल्या. त्यांत एक अक्का होती, बौद्ध वस्तीतली. वयानं माझ्याहून थोडी मोठी, आणि जिभेनं पुष्कळच. काम असं होतं: ट्रकमधून खोकी उतरवायची. खोक्यात तयार दिवा. त्याची कडी वेगळी पुडीत असायची. ती एका स्क्रूनं दिव्याला लावायची. परदेशी अक्षरांचं खोकं फेकून दिवा आपल्या खोक्यात घालायचा, आणि बुडाला 'निर्मिती : जि. हिंगोली' असा स्टिकर चिकटवायचा. झाला दिवा तयार.

पहिल्या दिवशी दुपारच्या चहापर्यंत ट्रक संपला. अक्का हात पुसत म्हणाली, "मॅनेजर, आता काय करायचं?"

"आता... थांबायचं."

"थांबायचा बी पगार हाय का?"

"आहे."

"मंग आमी लई चांगल्या थांबतो," ती म्हणाली, आणि सगळ्या बाया त्या प्रेसच्या ओट्याला टेकून बसल्या.

मी पुण्याला फोन लावला आणि प्रेस कधी सुरू करायची ते विचारलं. साहेब समजूतदार माणूस. म्हणाले, "हे बघा, मागास भागात कारखाना काढला की सरकार विक्रीकर माफ करतं. त्यासाठी माल तिथं तयार झाला पाहिजे. आता तयार होणं म्हणजे काय, याचा फार कीस काढू नका. कडी लावल्याशिवाय दिवा उचलता येतो का? नाही ना? मग कडी लावली की दिवा पूर्ण झाला."

मला ते इतकं पटलं की संध्याकाळी मी तेच वडिलांना समजावून सांगितलं. वडील म्हणाले, "म्हंजे दुसऱ्याच्या लेकराला टोपडं घालायचं आन् म्हणायचं, आमच्यातच जन्मलं." मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही.

एकदा एका खोक्यात दिव्याच्या तळाशी केसांची पिन निघाली. काळी, साधी, थोडी वाकलेली. बायांनी ती हातोहात फिरवली.

"तिकडं बी बायाच हायत की," एक म्हणाली.

"मंग काय बाप्ये इतकं बारीक काम करतेत का?" अक्का म्हणाली. पिन तिनं आपल्या डोक्यात खोवली. "घरी जाऊन शोधून राहिली आसंल बिचारी. म्हणत आसंल, कुठं पडली."

तिथल्या त्या बाईला आमचा पत्ता माहीत नव्हता आणि आम्हाला तिचा. पण पुण्याचे लोक घरी बसले, म्हणून तिला काम मिळालं होतं आणि तिच्यामागून आम्हाला स्क्रू. हे मी त्या दिवशी बायांना समजावून सांगू लागलो. अक्का म्हणाली, "मॅनेजर, पंख्याच्या दुकानातच बरे व्हते तुमी."

पण तिला ही शेड हवी होती. आमच्या सगळ्यांहून जास्त हवी होती. तिच्या घरची माणसं दरवर्षी दिवाळी झाली की उसाच्या तोडीला खाली कारखान्यांकडं जायची. शेड निघाल्यापासून ती जात नव्हती. नवरा भावाबरोबर जायचा, ती मागं राहायची, म्हणून थोरल्या पोरीची शाळा मध्येच तुटत नव्हती. पोरगी नववीत होती. अक्काचं एकच म्हणणं होतं. ते ती ट्रक उतरवताना म्हणायची, डबा खाताना म्हणायची, मला टोमणा मारून झाल्यावरही म्हणायची: "हे पत्रं निस्तं एवढं एक वर्ष टिकू द्या. पोरगी धाव्वी झाली की मंग पडू द्या माझ्या डोक्यावर."

आता माळेचं सांगतो.

मशीनवर माझा जीव होता. काम काही नसल्यामुळं मी ती रोज पुसायचो. खंडेनवमीला तर तिची पूजा केल्याशिवाय मला राहवेच ना. पहिल्या वर्षी झेंडू आणले, हळदकुंकू आणलं. अक्काला म्हणालो, "तुमच्यात चालतं का?"

"आमचं उद्या नागपूर. नारळ-बिरळ आमी फोडत न्हाई," ती म्हणाली. "पण फुलं द्या इकडं. माळ तुमच्यानं व्हायची न्हाई." मग माळ ओवता ओवता, "पण जी चालतच न्हाई तिला काहून माळ घालून राहिले?"

"मशीन आहे ना ती."

"आसं व्हय. मंग तुमाला बी घालू का एक?"

माळ मात्र तिनं अशी ओवली की बघत राहावं. खोकी बांधायचा नायलॉनचा दोरा घेतला, फूल फुलाला भिडवलं, आणि चाकाच्या पूर्ण घेरावर ती घट्ट बसवली. आमच्या घरी आईची पद्धत अशी, की दसऱ्याचं तोरण हातानं काढायचं नाही. पुढच्या दसऱ्याला नवं बांधताना जुनं उतरतं, तोवर वाळून पडलं तर आपोआप पडू द्यायचं. मी ती पद्धत मशीनला लावली. मग दरवर्षी तेच. जुनी माळ उतरली की नवी चढायची, आणि चाकावर माळ असणं हे शेडला पत्रे असण्यासारखं झालं. कोणाचं लक्षच जाईना.

अक्काची पोरगी नववीत होती त्या फाल्गुनात साहेबांचा फोन आला. आवाज नेहमीसारखा समजूतदार नव्हता. "उद्या करखात्याची पाहणी आहे. कोणीतरी तक्रारीचा अर्ज केलाय. मशीनवर काम चालतं असं दिसलं पाहिजे."

"मोटार जोडलेली नाही, साहेब."

"मग लोडशेडिंग सांगा. तुमच्याकडं काय ते कमी आहे का? आणि नीट ऐका, हे गेलं तर सगळं गेलं."

मी बायांना गोळा केलं आणि जसं होतं तसं सांगितलं. अक्कानं फक्त विचारलं, "बंद पडंल म्हंता?"

"बघू."

"बघू काय, मॅनेजर. काय करायचं ते सांगा."

तिनं पहिल्यांदाच टोमणा न मारता विचारलं होतं. त्यानं माझ्या अंगात काय संचारलं कोण जाणे. मी बाळापूरच्या वेल्डिंगच्या दुकानातून पत्र्याच्या कातरणांचं पोतं आणलं आणि प्रेसभोवती पसरलं. जळकं ऑइल आणून ओट्यावर शिंपडलं. बायांच्या हातांना ग्रीस लावलं. स्वतः जुना शर्ट घालून त्याला इतकं काळं फासलं, की वडील म्हणाले, "पाहणी हाय का सोंग हाय?" शाल आणि नारळही आणून ठेवला. शेडचा कोपरा न् कोपरा तपासला. कॅलेंडर सरळ केलं. फक्त त्या चाकावर जे होतं ते मला दिसलं नाही, कारण ते मला रोज दिसत होतं.

अधिकारी आले. बारीक, मवाळ, आमच्याच बाजूचे वाटावेत असे. त्यांनी खोकी पाहिली, स्टिकर पाहिले, बायांचे काळे हात पाहिले. मशीनजवळ येऊन म्हणाले, "बंद का?"

"लाईन गेली, साहेब. आत्ताच. कडीचा पत्रा चालू होता."

त्यांनी वर बघितलं. डोक्यावर पंखा गरागरा फिरत होता.

बायांनीही वर बघितलं. पण मी तिसऱ्या खेपेला का होईना, डिप्लोमा झालेला माणूस. म्हणालो, "तो सिंगल फेजवर आहे, साहेब. थ्री फेज गेली. आमच्याकडं असंच होतं."

ते चक्क हसले. "होय, आमच्याकडंही तसंच." आणि त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मी अक्काकडं पाहिलं. तिच्या तोंडावर मी कधी न पाहिलेला मोकळेपणा होता. त्या क्षणी मी जर गप्प बसलो असतो! पण मला नोकरी बोलण्यासाठीच मिळाली होती.

अधिकारी निघताना चाकापाशी थबकले. "माळ छान आहे."

"खंडेनवमीची, साहेब," मी म्हणालो. छाती फुगली होती माझी. "आम्ही मशीनला देव मानतो. एकदा घातली की हात लावत नाही."

त्यांनी माळेला बोट लावलं. झेंडूचा चुरा झाला आणि ऑइलवर पडला. "दसरा होऊन किती दिवस झाले हो," ते हळूच म्हणाले. मला विचारलं की स्वतःला, कळलं नाही. मग म्हणाले, "आमच्या घरी पिठाची गिरणी होती. तिलाही घालायचे. दुसऱ्या दिवशी पट्टा चढवला की पहिल्या फेऱ्यात तिच्या चिंध्या व्हायच्या. ही तुटली कशी नाही?"

आणि अक्का, आजवर मला वेड्यात काढणारी ती शहाणी बाई, मला वाचवायला पुढं झाली.

"नायलॉनच्या दोऱ्यात ववलीय, साहेब. मीच ववली. तुटतच न्हाई ती."

अधिकाऱ्यांनी तिच्याकडं पाहिलं. फार वाईट वाटल्यासारखं पाहिलं. ती जे बोलली ते तिला स्वतःला तेव्हा ऐकू आलं: दोरा नायलॉनचा होता, फुलं काही नायलॉनची नव्हती. तिनं पदर तोंडाला लावला.

"साहेब, हे बंद करता का?" तिनं विचारलं.

"बाई, मी कारखाना बंद करायला आलो नाही. कारखाना आहे का, एवढंच बघायला आलो होतो."

शाल आणि नारळ तसाच राहिला. जीप गेली तशी मी लूना काढली आणि मागं लागलो. वारंगा फाट्यावर ते चहा प्यायला थांबले होते. ऑइलनं माखलेला मी त्यांच्या समोर उभा राहिलो. लोक बघू लागले. कोणाला वाटलं अपघात झाला. मी म्हणालो, "साहेब, आठ दिवस द्या. मोटार जोडतो. खरंच चालवतो मशीन. पुण्याचे फिटरकाका आहेत, त्यांना बोलावतो. कड्या इथं ठोकतो. शपथ घेतो."

"आणि दिवा?"

मी शर्टाला हात पुसू लागलो.

"दिवा तयार येतो ना? मग त्या बायांना राबवून तुम्ही काय ठोकणार?" त्यांनी मला चहा सांगितला. मी तो प्यायलो. करावं तरी काय, हेच मला कळत नव्हतं, आणि चहा समोर होता.

रात्री पुण्याच्या साहेबांना फोन केला. रडायचा बाकी होतो. माळेचं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि त्यांचा तो समजूतदार आवाज परत आला. "मनाला लावून घेऊ नका. नोटीस येईल, वकील बघून घेतील. तशीही तिथली सवलत संपतच आली होती. आम्ही डोंगराकडच्या एका राज्यात जागा बघून ठेवलीय. तिथं नव्यानं माफी मिळणार आहे, याहून मोठी."

"मग तुम्ही म्हणालात, हे गेलं तर सगळं गेलं?"

"तिथलं म्हणालो मी."

"आणि बाया?"

"तिथंही बाया मिळतील की," ते म्हणाले. आवाजात दुष्टपणा औषधालाही नव्हता. मी बायांचं विचारलं, ते त्यांनी मजुरांची अडचण म्हणून ऐकलं. फोन ठेवल्यावर मला जे वाटलं ते सांगता येत नाही. मी दिवसभर ज्या माळेसाठी स्वतःला फासावर देत होतो, ती माळ त्या माणसाच्या हिशेबी कुठंच नव्हती. ती नसती तरी पत्रे उतरणारच होते. फार तर दिवाळीनंतर उतरले असते. मीही कुठंच नव्हतो. मूर्खपणा तरी माझा आहे असं मी धरून चाललो होतो. तेवढंही माझं निघालं नाही.

मशीन न्यायला फिटरकाकाच आले. थकले होते. म्हणाले, "आता आणखी एका गावात बसवायची. तिथंही मोटार नको म्हणालेत." त्यांनी बोल्ट सोडले, धुऱ्यात तेल सोडलं, आणि साखळीच्या कप्पीनं प्रेस हळूहळू उचलली. ओट्यावरून सुटताना ती कलली. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते चाक आपल्या वजनानं फिरलं. जड, गुळगुळीत, आवाज न करता. माळ एका बाजूनं बोल्टात अडकली, ताणली गेली आणि तटकन तुटली. झेंडूचा पिवळा-काळा भुगा आमच्या सगळ्यांच्या अंगावर उडाला.

अक्का माझ्या बाजूला उभी होती. "फिरती की ओ," ती म्हणाली. "चांगली फिरती."

फिटरकाकांनी चाक हातानं थांबवलं.

मी परत पंख्याच्या दुकानात गेलो. मित्रानं कार्डांच्या मागच्या कोऱ्या बाजू गिऱ्हाइकांची नावं लिहायला वापरल्या. शिल्लक पडलेल्या दिव्यांतला एकेक बायांना वाटायला साहेबांनी परवानगी दिली होती. उरलेले ट्रकमध्ये गेले.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी मी काही सामान आणायला फाट्यावर गेलो होतो. तोडीला जाणारे ट्रॅक्टर लागले होते. ट्रॉलीत पत्र्याच्या पेट्या, बाजा, कोंबड्या, त्यावर माणसं. एका ट्रॉलीतून हाक आली, "ओ मॅनेजर."

अक्का होती. डोक्यात ती काळी पिन. शेजारी पोरगी, तिच्या मांडीवर धाकटा भाऊ. पोरीच्या पायापाशी शाळेचं दप्तर होतं, आणि ट्रॉलीच्या दांडीला आमचा दिवा टांगलेला.

"शाळा?" मी विचारलं. इतका बोलका माणूस मी, पण दुसरं काही सुचलं नाही.

"परीक्षेला आणू म्हणतो," अक्का म्हणाली. "तवर तिकडंच वाचंल. म्हणून दिवा घेतला."

"चार्जिंग कुठं करणार? फडात लाईन नसते."

"आसंल की एखादं दुकान जवळ."

पोरीनं माझ्याकडं पाहिलं नाही. तसलं दुकान तिकडं जवळ नसतं, हे तिला माहीत होतं.

ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न दिला. दांडीला लोंबणारा दिवा एका बाजूला झुकला होता. कडीचा स्क्रू ढिला झाला होता. माझ्या खिशात शेडची किल्ली अजून होती. परत करायला कोणी सांगितलंच नव्हतं. मी ट्रॉलीच्या चाकावर पाय देऊन वर चढलो आणि किल्लीच्या टोकानं तो स्क्रू आवळू लागलो.

"घट्ट बसवा," अक्का म्हणाली. "रस्ता खराब हाय."

"बसवतोय."

पुन्हा हॉर्न वाजला. अक्का म्हणाली, "उतरा आता, मॅनेजर. न्हाईतर तुमाला बी नेतील." मी आणखी एक आटा फिरवला आणि खाली उतरलो.